लाँचनं रेवदंड्याला: पहिल्यांदा निघणाऱ्यांसाठी

शनिवार-रविवारी अर्धी मुंबई अलिबागला उतरते, किनाऱ्यावर घोडागाडीत बसते, शहाळं पिते आणि परत फिरते. तिथून अर्ध्या-पाऊण तासावर रेवदंडा आहे. मुंबईचं नावही कुणाला माहीत नव्हतं त्या काळात अरबस्तान, इराण आणि मिसरची जहाजं ज्या बंदरात नांगर टाकत होती, ते हे चौल-रेवदंड्याचं बंदर. आज तिथे पोफळीच्या वाड्या आहेत, कोळीवाडा आहे, आणि पोर्तुगीज तटाच्या भगदाडातून आत शिरणारी एसटी आहे. मुंबईहून समुद्रमार्गे तिथे कसं जायचं, काय आधी बघायचं, काय सोडायचं, हे सगळं पहिल्यांदा निघणाऱ्याला कळेल असं लिहितो.

एक गोष्ट आधीच सांगतो. या सहलीचं वेळापत्रक घड्याळावर बसवू नका, पाण्यावर बसवा. अलिबागसमोर पाण्यात असलेल्या कुलाबा किल्ल्यात चालत जायचं असो, रेवदंड्याच्या तटाखालून फिरायचं असो की लाँच सुटणार की नाही हे ठरवायचं असो, शेवटचा शब्द भरती-ओहोटीचा आणि वाऱ्याचा.

आधी तिथी बघा, मग तिकीट काढा

पावसाळ्यात मुंबईच्या गेटवेहून अलिबागजवळच्या मांडव्याला जाणाऱ्या लाँच बंद असतात. साधारण मे महिन्याच्या शेवटी बंद होतात आणि सप्टेंबरच्या तोंडावर, समुद्र शांत झाला की पुन्हा सुरू होतात. ही बंदी कागदी समजू नका. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' बोट ऐन पावसाळ्यात बुडाली आणि सहाशेहून जास्त माणसं गेली. रायगड जिल्ह्यातल्या जुन्या घरांतून अजूनही त्या दिवसाची आठवण निघते. त्यामुळे 'आज वाऱ्यामुळे फेरी रद्द' असं खिडकीवरचा माणूस म्हणाला तर हुज्जत घालू नका.

सगळ्यात चांगले महिने नोव्हेंबर ते फेब्रुवारी. एप्रिल-मे चालतो, पण दुपारनंतर वायव्येचा वारा उठतो आणि पाणी हेंदकाळायला लागतं. उन्हाळ्यात निघणार असाल तर जाताना सकाळची पहिली-दुसरी लाँच धरा.

आता भरतीचा हिशोब. मोबाइलवर भरती-ओहोटीचे तक्ते मिळतात, पण किनाऱ्यावरची माणसं अजून तिथीवरूनच वेळ काढतात, आणि ते गणित तोंडी होण्याइतकं सोपं आहे. तिथीला पाऊणपट करा: येणारा आकडा म्हणजे पूर्ण भरतीची वेळ. त्यात सहा तास मिळवा: पूर्ण ओहोटी. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे तीन वाजता भरती आणि नऊ वाजता ओहोटी, दिवसाही आणि रात्रीही. पंचमीला पावणेचार आणि पावणेदहा. पक्ष शुद्ध असो की वद्य, हिशोब तोच. दहा-वीस मिनिटं इकडेतिकडे होतात, म्हणून अगदी काठावरचं नियोजन करू नका.

यातली खरी मेख पुढे आहे. अष्टमीला ओहोटी बरोबर दुपारी बारा वाजता येते, म्हणून नवखा माणूस खूश होतो. पण अष्टमी-नवमीला भांगाचं पाणी असतं; समुद्र फारसा चढत नाही तसा फारसा उतरतही नाही. चालायला वाट मोकळी व्हायची तर उधाणाचे दिवस हवेत. उधाण पौर्णिमा-अमावस्येला सुरू होतं आणि पुढे तीन-चार दिवस त्याचा जोर असतो, पण नेमकं पौर्णिमेला पाणी पूर्ण उतरतं ते पहाटे आणि संध्याकाळी सव्वापाच ते सहाच्या सुमारास. मुंबईहून सकाळी निघणाऱ्याला चतुर्थी आणि पंचमी हे दिवस साधतात: पाणी भरपूर उतरलेलं आणि वेळ नऊ ते पावणेदहा. षष्ठीलाही जमून जातं. कालनिर्णय काढा, या तिथींपैकी एक शनिवारी किंवा रविवारी कधी येते ते बघा, आणि मग रजा टाका.

गेटवे की भाऊचा धक्का

पायी जाणाऱ्यांसाठी गेटवे. दोन-तीन कंपन्यांच्या लाँच आणि कॅटमरान तिथून सुटतात, पहिली सकाळी सहा-सव्वासहाच्या सुमारास, पुढे तासाभराच्या अंतरानं किंवा त्याहून लवकर. तिकीट दोन-तीनशेच्या घरात. वरच्या डेकचं, खालच्याचं, एसीचं असे भाव वेगळे. बहुतेक तिकिटांत मांडव्याहून अलिबागपर्यंतची बसही धरलेली असते. खिडकीवर हे दोन प्रश्न हमखास विचारा: बस आहे ना, आणि परतीची शेवटची फेरी कितीला? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मोबाइलमध्ये लिहून ठेवा. हंगामाप्रमाणे वेळा बदलतात आणि गेल्या वर्षीची ऐकीव वेळ उपयोगाची नसते.

शनिवारी सकाळी रांग ताजच्या बाजूपर्यंत जाते, म्हणून ऑनलाइन काढलेलं बरं. गेटवेवर सुरक्षा तपासणी आहे, तिला दहा-पंधरा मिनिटं जातात. गाडी घेऊन आलात तर ती ठेवणार कुठे हा प्रश्न आहे, तेव्हा चर्चगेट किंवा सीएसएमटीला उतरून टॅक्सी नाहीतर बेस्टची बस.

गाडीसकट जायचं असेल तर भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो सुटते. ही सेवा मार्च २०२० मध्ये सुरू झाली. मोठं जहाज आहे, हलतं कमी, आणि हवामान अगदीच बिघडलं नाही तर पावसाळ्यातही चालतं. म्हातारी माणसं, तान्ही मुलं बरोबर असतील तर मी रो-रोच सुचवीन. भाऊच्या धक्क्यावरून रेवसलाही साधी लाँच जाते. गावाकडची माणसं, मासळीच्या टोपल्या, कोंबड्या असा तिचा थाट. वेळ असेल आणि अंगावर पाणी उडालेलं चालत असेल तर तीही घ्या.

लाँचवर

तासाभराचा प्रवास. लाइफ जॅकेट द्या म्हणून मागून घ्या आणि घाला. डिसेंबर २०२४ मध्ये घारापुरीच्या लाँचला झालेला अपघात बंदराच्या आतच झाला होता, शांत दुपारी. 'आम्हाला पोहता येतं' हे उत्तर मुंबई बंदराच्या पाण्यात कामाचं नाही.

बोट लागते अशांनी वरच्या डेकचा मोह सोडावा. खालच्या डेकवर, मधोमध किंवा मागच्या अंगाला बसावं, मोबाइलमध्ये डोकं घालू नये, नजर लांब क्षितिजावर ठेवावी. पोट रिकामंही नको आणि वडापावांनी तट्ट भरलेलंही नको. आवळासुपारी किंवा आल्याची वडी तोंडात धरली की बरं वाटतं.

डावीकडे घारापुरीचं बेट आणि जेएनपीटीच्या क्रेन दिसत राहतात, उजवीकडे कुलाब्याचं टोक मागे पडतं. हिवाळ्यात कुरव पक्षी लाँचच्या मागे लागतात आणि लोक त्यांना गाठिया, वेफर फेकतात. मुलांना मजा वाटते हे खरं, पण तळलेला मीठ-मसाला त्या पक्ष्यांना कशाला? बघा आणि सोडून द्या. हवा स्वच्छ असेल तर मांडवा जवळ आल्यावर दक्षिणेला दोन बेटं दिसतात. त्यांतलं दीपगृहाचं बेट ते खांदेरी, किनाऱ्याकडचं उंदेरी. शिवाजी महाराजांनी १६७९ मध्ये खांदेरीवर तट बांधायला घेतला तेव्हा मुंबईच्या इंग्रजांनी गलबतं पाठवून अडवायचा प्रयत्न केला आणि तो फसला. बंदराच्या तोंडावरच मराठ्यांचं ठाणं का हवं होतं, हे नकाशावर कळत नाही इतकं लाँचवरून कळतं. २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत जे बारा मराठा किल्ले गेले, त्यांत खांदेरी आहे.

मांडवा, अलिबाग आणि दोन तासांचा किल्ला

मांडव्याची जेट्टी लांब आहे. उतरल्यावर फोटोत रमू नका, बस भरली की निघते. अलिबाग साधारण वीस किलोमीटर, पाऊण तास.

पहिली लाँच धरली असेल तर सव्वाआठ-साडेआठला तुम्ही अलिबागच्या स्टँडजवळ आहात. तिथी बघून आला असाल तर नाश्ता नंतर, आधी थेट किनारा. ओहोटीच्या वेळेच्या तास-सव्वा तास आधी कुलाबा किल्ल्याकडे चालायला लागायचं आणि पाणी फिरल्यावर तासाभराच्या आत परत यायचं. वाळू घट्ट आहे पण मधे दगड शेवाळलेले, त्यामुळे पट्ट्याची सँडल हवी. बूट भिजतील, चप्पल वाहून जाईल. घोडागाडीवाले 'पाणी भरलंय, चालत नाही जमणार' म्हणतील. समोरून गुडघे कोरडे ठेवून येणारी माणसं दिसत असतील तर हसून पुढे व्हा. मात्र किनाऱ्यावरचा कोळी 'आता जाऊ नका' म्हणाला तर मुकाट्यानं घोडागाडी किंवा होडी घ्या.

कुलाबा किल्ला शिवाजी महाराजांच्या शेवटच्या काळात उभारायला घेतला आणि संभाजी महाराजांच्या काळात पुरा झाला. त्याला नाव मिळवून दिलं कान्होजी आंग्र्यांनी. १७२१ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज दोघं मिळून चालून आले आणि हात हलवत परतले. आत गणपतीचं देऊळ आहे, राघोजी आंग्र्यांनी १७५९ च्या सुमारास बांधलेलं, आणि चारी बाजूंनी खारं पाणी असताना गोड्या पाण्याची विहीरही आहे. उत्तरेच्या तटावर चाकांच्या गाड्यावर दोन तोफा आहेत. जवळ जाऊन वाचलं तर यॉर्कशायरच्या लो मूर कारखान्याचं नाव आणि १८४९ हे साल दिसतं. म्हणजे या तोफा आंग्र्यांच्या काळातल्या नाहीत, राज्य खालसा झाल्यानंतरच्या. गाइड मंडळी काय वाट्टेल ते सांगतात, लोखंडावर कोरलेलं साल खोटं बोलत नाही.

शहरात कान्होजींची समाधी आहे. ४ जुलै १७२९ ला ते गेले. पंधरा मिनिटं काढून जाऊन या. वेधशाळा बाहेरून बघायची. मुंबईत विजेच्या ट्रॅम येणार म्हणून तिथल्या कुलाब्याची चुंबकीय वेधशाळा १९०४ मध्ये इथे हलवली, एवढं ठाऊक असलं म्हणजे पुरे. मग मिसळ खा आणि निघा. अलिबागमध्ये दिवस घालवू नका.

मिनीडोरनं रेवदंड्याकडे

स्टँडवरून रेवदंड्याची एसटी मिळते, मुरूडकडे जाणाऱ्या गाड्याही रेवदंड्यावरूनच जातात. नाहीतर मिनीडोर. शेअरची रिक्षा आहे ही, माणसं भरेपर्यंत हलत नाही. 'काका, रेवदंडा?' एवढं विचारून आत सरकायचं. पुढे ड्रायव्हरच्या शेजारी जागा मिळाली तर उत्तम, वाड्या छान दिसतात.

वाटेत आक्षी लागतं. मराठी वाचणाऱ्यानं इथे उतरलंच पाहिजे असं माझं मत. गावात शिलालेखाचे दगड आहेत. त्यांतल्या एकावर शके ९३४, म्हणजे इ. स. १०१२ असं साल वाचलं गेलंय. शिलाहार राजा केसिदेवाच्या काळातला हा लेख मराठीतला सर्वांत जुना ज्ञात शिलालेख आहे असं बरेच अभ्यासक मानतात. गावात कुणालाही 'शिलालेख कुठे?' विचारा, दाखवतात. दगड साधासुधा आहे, शेंदूर लावलेल्या मंदिराचा थाट नाही. सूर्य तिरपा असताना अक्षरं जरा उठून दिसतात. डोक्यावर ऊन असताना काही म्हणजे काही कळत नाही.

पुढे नागाव, मग चौल, मग रेवदंडा. पर्यटकांची गर्दी नागावात गळते.

कोटाच्या आत

रेवदंड्याचा तट रस्त्यावरच समोर येतो. नवखे लोक इथे एक प्रश्न विचारतात: 'किल्ला किती लांब?' तुम्ही किल्ल्यात आहात! बाजार, घरं, शाळा, वाड्या, सगळं कोटाच्या पोटात वसलंय. त्यामुळे इथे दरवाजा, तिकीट, बाण दाखवणारे फलक अशी अपेक्षा ठेवू नका. पायी फिरा आणि हातात दोन-अडीच तास ठेवा.

थोडी पार्श्वभूमी हवीच. चौल हे नाव टॉलेमीच्या भूगोलात 'सिमुल्ला' म्हणून येतं, अरबांनी त्याला 'सैमूर' म्हटलं. रेवदंडा म्हणजे याच बंदराचं समुद्राकडचं टोक, कुंडलिका नदीच्या मुखावर. मार्च १५०८ मध्ये इथे आरमारी लढाई झाली: मिसरचं आरमार आणि दीवचा मलिक अयाज एका बाजूला, पोर्तुगीज दुसऱ्या बाजूला. पोर्तुगीज व्हाइसरॉयचा मुलगा लोरेंसो द आल्मेदा इथेच मारला गेला. तरी पोर्तुगीज मागे हटले नाहीत. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाकडून परवानगी मिळवून १५२१ पासून त्यांनी इथे कोट उठवायला सुरुवात केली. १५७०-७१ मध्ये मुर्तझा निजामशहानं मोठा वेढा घातला, तोही त्यांनी सोसला. शेवटी वसई पडल्यानंतर, १७४० च्या तहात रेवदंडा आणि कोर्लई मराठ्यांकडे आले. व्यापार तोवर मुंबईकडे वळलेला होता, आणि रिकाम्या झालेल्या शहरात लोकांनी सुपारी लावली.

बघायचं कसं? आधी वेस. कमानीच्या माथ्यावर पोर्तुगालच्या राजचिन्हाचा दगड शोधा. नीट पाहिलं तर मधे पाच छोट्या ढाली आणि त्यांच्या भोवती बुरुजांची नक्षी ओळखू येते. मग समुद्राच्या बाजूला सातखणी मनोऱ्याकडे. हा खरा फ्रान्सिस्कन मठाच्या चर्चचा मनोरा. सात मजल्यांचा म्हणून सातखणी. सगळे मजले आज उभे नाहीत, पण नारळांच्या शेंड्यांतून वर आलेलं ते चौकोनी बांधकाम लांबूनही दिसतं. आत आणि पायथ्याशी तोफा पडल्यात. भिंतीवर चढू नका, चुना सुटलाय आणि वडाच्या मुळ्यांनी दगड फाकलेत.

बाकीचे अवशेष लोकांच्या वाड्यांत आहेत. मला रेवदंड्यात सगळ्यात जास्त आवडतं ते हेच: चर्चची भिंत, तिच्या खिडकीच्या कमानीला टेकवलेली नारळ पाडायची काठी, आणि एके काळच्या फरसबंदीवर वाळत घातलेली सुपारी. पण ही खासगी जागा आहे. कुंपणाशी उभं राहून हाक मारायची, 'काकू, आत जुनी भिंत आहे ना, बघून येऊ का?' बहुतेक वेळा 'या की' असंच उत्तर येतं, वर 'पाणी हवंय का' हेही विचारतात. मात्र ड्रोन उडवणं, पाटात पाय घालणं, पडलेली सुपारी उचलून खिशात टाकणं असले प्रकार नकोत. एक सुपारी म्हणजे काय मोठंसं, असं आपल्याला वाटतं. दिवसभरात शंभर पाहुणे आले तर वाडीवाल्याला तसं वाटत नाही.

हायस्कुलाच्या आवारात एक स्मारक आहे, अफनासी निकितिन या रशियन व्यापाऱ्याचं. वोल्गाकाठच्या त्वेर गावचा हा माणूस विकायला एक घोडा घेऊन चौल बंदरात उतरला, वास्को द गामा कालिकतला पोचण्याच्या पंचवीसेक वर्षं आधी. पुढे जुन्नरला तिथल्या खानानं त्याचा घोडाच काढून घेतला, आणि बऱ्याच खटपटीनंतर तो परत मिळाला. त्यानं लिहून ठेवलेल्या प्रवासवर्णनामुळे बहमनी काळातलं हे बंदर आपल्याला थोडंफार दिसतं. शाळा सुरू असेल तर आधी ऑफिसात विचारून घ्या.

कोटाबाहेर समुद्राच्या अंगानं वाळूवरून तटाला लागून चालता येतं, अर्थात पाणी उतरलं असेल तर. सकाळी कुलाबा किल्ल्याला ओहोटी साधली असेल तर दुपारी इथे भरती असणार. मग ही फेरी दुसऱ्या दिवशी सकाळची ठेवा. वाळू काळसर, गर्दी नाही. पोहायला मात्र खाडीच्या मुखाजवळ अजिबात उतरू नका. ओहोटीला नदीचं पाणी बाहेर ओढतं.

बेने इस्रायली ज्यूंची वस्ती या पट्ट्यात शतकानुशतकं होती. नवगावला त्यांचं प्राचीन दफनस्थान आहे, रेवदंड्यात आणि अलिबागेत सिनेगॉग आहे. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून गावोगाव त्यांना 'शनवार तेली' म्हणत. यातले बहुतेक लोक इस्रायलला गेले, पण आडनावांत गाव राहिलं: तिकडे आजही चेऊलकर भेटतात, आणि मराठी बोलतात.

चौल: निम्मा दिवस

रेवदंड्याहून दोन-तीन किलोमीटर. रिक्षा ठरवून घ्या, कारण ठिकाणं वाड्यांतून विखुरलेली आहेत. रामेश्वराचं देऊळ आणि त्यासमोरची पुष्करणी आधी. देवळात पर्जन्य, वायू आणि अग्नी अशी तीन कुंडं आहेत; पाऊस ओढ देतो तेव्हा पर्जन्यकुंड उघडायचं अशी परंपरा सांगतात. शितळादेवी वाटेवरच. दत्ताचा डोंगर चढायचा असेल तर सकाळी लवकर. सातशेच्या आसपास पायऱ्या आहेत आणि वरून वाड्या, खाडी, समुद्र सगळं एका नजरेत येतं. मार्गशीर्षात दत्तजयंतीला इथे पाच दिवस जत्रा भरते. जत्रेच्या दिवसांत राहायला जागा मिळणं कठीण, पण जत्राच बघायची असेल तर तेच दिवस.

कोर्लई

खाडीपलीकडे समुद्रात घुसलेली डोंगराची सोंड दिसते, तिच्यावर कोर्लईचा किल्ला. रेवदंड्याच्या पुलावरून साळाव, तिथून मुरूडच्या रस्त्यानं कोर्लई गाव. गावातून दीपगृहापर्यंत वाहन जातं, तिथून पायऱ्या. चढ अर्ध्या तासाचा, पण सावली नाही, म्हणून नऊच्या आत वर असा. किल्ला लांबट आणि अरुंद. काही ठिकाणी दोन्ही हातांना समुद्र. चर्चच्या भिंती, पोर्तुगीज शिलालेख, पाण्याचं टाकं आहे. १५९४ मध्ये पोर्तुगीजांनी हा निजामशहाकडून घेतला. वर उभं राहिलं की लक्षात येतं, खाडीत शिरणारं प्रत्येक गलबत इथल्या तोफेच्या टप्प्यातून जात होतं.

गावातल्या ख्रिस्ती वाडीत पोर्तुगीज आणि मराठी मिसळून झालेली बोली अजून घरात बोलली जाते. ती बोली बोलणारे 'नो लिंग', म्हणजे आपली बोली म्हणतात. उगाच कॅमेरा पुढे करून 'बोलून दाखवा ना' म्हणू नका. दुकानात चहा घेत बसलात तर आपोआप कानावर पडते.

खाणं आणि मुक्काम

एका दिवसात हे सगळं होत नाही. एकच दिवस असेल तर कुलाबा किल्ला सोडा आणि थेट रेवदंडा-कोर्लई करा. अलिबागचा किल्ला पुन्हा कधीही जमतो. मुक्काम करणार असाल तर रेवदंडा, चौल किंवा नागावात घरगुती राहण्याची सोय भरपूर आहे. जेवणाचं सकाळीच सांगून ठेवा. खानावळीत ताज्या मासळीप्रमाणे स्वयंपाक होतो आणि ऐनवेळी सहा माणसं दारात उभी राहिली तर डाळ-भातावर भागवावं लागतं. जिताडा मिळाला तर सोडू नका, पण भाव आधी विचारा. जून-जुलैत मासेमारी बंद असते, तेव्हा 'ताजी सुरमई' ताजी नसते.

हिवाळ्यात गेलात तर पोपटीची चौकशी करा. मडक्याच्या तळाशी भांबुर्ड्याचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, मसाला लावलेली कोंबडी, वर पुन्हा पाला. मडकं उपडं घालून भोवती पेंढा-काटक्या पेटवायच्या. पाण्याचा थेंब घालत नाहीत. अर्ध्या तासानं मडकं उघडलं की जो वास येतो तो भांबुर्ड्याचा, दुसऱ्या कशाचा नाही. वाडीवर चार-पाच घरांनी मिळून करायचा हा बेत आहे, हॉटेलातली पोपटी त्याची नक्कल. शाकाहारी मंडळींसाठी नुसत्या शेंगा-बटाट्यांची वेगळी लावतात, आधी सांगितलं तर. उन्हाळ्याच्या तोंडाला परतताना अलिबागचा पांढरा कांदा घ्या, माळेनं विणलेला. सुटा पांढरा कांदा कुठूनही आलेला असू शकतो.

रोख पैसे जवळ ठेवा. वाडीवरच्या मावशी शहाळ्याचे पैसे मोबाइलवर घेतीलही, पण खाडीकाठी रेंज गेली की दोघांचीही पंचाईत.

परतीचं

रेवदंड्याहून मांडवा गाठायला दीड तास धरा, रविवारी संध्याकाळी दोन. अलिबागेत चौपदरी रस्ता नाही आणि रविवारी सगळी मुंबई एकाच वेळी घरी निघते. म्हणून शेवटच्या फेरीचं तिकीट काढू नका. तिच्या आधीच्या दोन फेऱ्यांपैकी एकीचं काढा, म्हणजे एक चुकली तरी हातात एक राहते. परतीच्या तिकिटावर वेळ छापलेली असली तरी रांगेत अर्धा तास आधी लागा.

शेवटची लाँच गेलीच, तर मांडव्याच्या जेट्टीवर हताश बसू नका. रो-रोची फेरी उरली आहे का ते आधी विचारा. तीही नसेल तर अलिबाग स्टँडवर मागे या. पनवेलची एसटी मिळते, वडखळमार्गे. पनवेलला उतरून हार्बरची लोकल धरा.